पाण्यात न सुटणारा रंग

माझ्या व्याह्यांएवढा संशयी माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा निघायचा नाही, आणि त्यांच्याएवढा सपशेल फसलेलाही निघायचा नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात हे मला आधी कळत नव्हतं. आता कळतं. फसवणूक ओळखायची ज्याच्याकडे एकच खूण असते आणि त्या खुणेवर ज्याचा देवासारखा भरवसा असतो, त्याला फसवायचं तर दुसऱ्या रस्त्यानं यायचं, एवढंच.

हे माझ्या धाकट्या लेकीचे सासरे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईन, म्हणून ते मला ईनबाई म्हणतात आणि मी त्यांना इवाई. उंच, वाळकी अंगकाठी, काळीभोर मिशी, गळ्यात तुळशीची माळ. उभी हयात आर्वीच्या बाजारात एका जिनिंगवाल्याकडे कापूस पारखण्यात गेली. गाडी आली की वरचा कापूस ते पाहतच नसत. वर सगळेच चांगला ठेवतात, म्हणायचे. कोपरापर्यंत हात खाली खुपसायचा, तळाची मूठ उपसायची, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि त्यातली एक सरकी दाताखाली फोडायची. कट्‌ वाजली तर कापूस कोरडा. मऊ लागली तर वजन वाढवायला कोणीतरी पाणी मारलेलं. नोकरी सुटली तरी हात खुपसायची खोड सुटली नाही. किराणा दुकानातल्या तांदळाच्या पोत्यात, भाजीवालीच्या टोपल्यात, आणि एकदा लग्नाच्या पंगतीत बुंदीच्या घमेल्यातही त्यांचा हात तळाशी गेलेला मी पाहिला आहे. वाढपी म्हणाला, "काका, मी वाढतो ना." ते म्हणाले, "वाढजो. पण खालची वाढजो."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक ओला रुमाल असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. जगातला कोणताही खोटा रंग पाण्यानं सुटतो, असं त्यांचं ठाम मत. हिरवे वाटाणे, हळद, मिरची, कलिंगड, फुटाणे, सगळ्यांवरून तो रुमाल फिरलेला आहे. माझ्या लेकीच्या लग्नात आम्ही दिलेल्या शालूचा काठ त्यांनी भर मांडवात घासला. रुमाल लाल झाला. माझा थोरला भाऊ बाह्या सरसावून उभा राहिला. व्याही म्हणाले, "बसा हो बाप्पा. पोरीत खोट नाई, शालूत हाय. शालू परत करा, पोरगी आमी ठेवतो." मांडव हसला आणि भाऊ बसला. तो शालू मी स्वतः पसंत केला होता. मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, भांडले आणि दुसरा आणला. तेव्हापासून माझं आणि त्यांचं जमतं.

आठवडी बाजारात एक माणूस कोंबडीची रंगीत पिल्लं विकायला बसायचा, गुलाबी, हिरवी, निळी. लहान पोरं त्याच्याभोवती घोळका करायची. व्याही तिथं उकिडवे बसले, एक गुलाबी पिल्लू ओंजळीत घेतलं आणि रुमालानं पुसत राहिले. पिल्लू निघालं साधं पांढरं-पिवळं. विकणारा म्हणाला, "पिल्लू तं खरं हाय ना, काका? मंग तुमाले काऊन पंचाईत?" त्यावर हे म्हणाले, "असं रंगवल्यावर त्याले आई ओळखन का?" पुसलेलं पिल्लू त्यांना विकत घ्यावं लागलं, कारण विकणारा ते परत घेईना. घरी आणलेलं ते पिल्लू मोठं होऊन कोंबडा झालं आणि रोज पहाटे छपरावर उभं राहून सगळ्या आळीला शिव्या द्यायचं. माळकऱ्याच्या घरी कोंबडा म्हणून लोक हसायचे. "मी त्याले खात नाई, तो मले खात नाई," एवढंच व्याही म्हणायचे.

गुडघ्यानं दगा दिला आणि मी लेकीकडे, वर्ध्याजवळच्या नालवाडीला, येऊन राहिले. आईनं लेकीच्या घरी राहू नये असं मानणाऱ्या बायका अजून आहेत, आणि त्यांतली एक आमच्या समोरच राहते. ती एकदा अंगणात येऊन, मला ऐकू जाईल अशा बेतानं, व्याह्यांना म्हणाली, "आमचे लोक तं लेकीच्या घरचं पाणीही पित नव्हते." व्याही झाडांना पाणी घालत होते. मान वर न करता म्हणाले, "बरोबर हाय. पण हे घर अजून माह्या नावावर हाय. ईनबाई माह्या घरचं पाणी पितेत. लेकीच्या घरचं पितेत का, ते मी मेल्यावर येऊन पाहजा." मी आतून ऐकलं. आभार वगैरे मानले नाहीत. त्या दिवशी भाकरीवर तूप मात्र जरा सढळ वाढलं.

तो गुडघा दाखवायलाच ते मला नागपूरला घेऊन गेले होते. दवाखान्यात बसायच्या जागी भिंतीएवढी काचेची टाकी होती आणि तिच्यात समुद्राचं पाणी. त्या पाण्यात एका दगडाला धरून एक पिवळंजर्द फूल बसलं होतं. तव्याएवढं. देठ नाही, पानं नाहीत, पाकळ्यांच्या जागी बोटंच बोटं, आणि ती बोटं वाऱ्यावर ज्वारी डोलावी तशी डोलत होती. तिथली नर्स म्हणाली, "काका, हे समुद्रपुष्प. नाव पुष्प आहे, पण प्राणी आहे तो. खातो, हलतो, जागाही बदलतो." व्याह्यांचा हात खिशात गेला. रुमाल अर्धा बाहेर आला आणि तिथंच थांबला. पुसणार कुठं आणि भिजवणार काय? ते तर पाण्यातच होतं. माझं नाव पुकारलं, मी आत गेले, सुई टोचून घेतली, लंगडत बाहेर आले, तरी हे काचेला नाक लावून उभे. मी म्हटलं, "इवाई, माह्या गुडघ्याचं पुसा तरी." ते म्हणाले, "गुडघा उद्याही राह्यते. हे पाहा. रात्रंदिवस पाण्यात बुडून हाय अन् पाणी नितळ. टिपकाभर रंग सुटला नाई. याच्याहून अस्सल चीज मी जिंदगीत पाह्यली नाई."

झालं. माणूस इथं फसला. आयुष्यभर ज्याला पाणी हीच कसोटी, त्याच्यापुढे चोवीस तास त्या कसोटीत उभी असलेली वस्तू आली. त्यानं हात जोडले.

पुढच्या काही आठवड्यांत नालवाडीत समुद्र आला. माझं माहेर समुद्रपूर तालुक्यातलं, तिथंही मी समुद्र फक्त एसटीच्या पाटीवर पाहिलेला. बैठकीतलं कपाट हललं, टाकी आली, पंप आला, दिवे आले, खास मिठाची पाकिटं आली. व्याही पिंपात मीठ कालवायचे, काचेच्या नळीनं मोजायचे आणि शेवटी, त्या नळीवर विश्वास नसल्यानं, बोट बुडवून चाटायचे. नागपूरच्या ज्या दुकानानं दवाखान्याची टाकी लावली होती तिथूनच पिवळं फूल आलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाण्यासकट, एसटीत व्याह्यांच्या मांडीवर बसून. आळी लोटली. समोरची ती बाई अमावास्येला समुद्रस्नान घडावं म्हणून टाकीतलं पाणी तांब्यात मागून घेऊन गेली. ज्यानं त्यानं विचारायचं, हा रंग खरा का? आणि व्याह्यांनी छाती काढून सांगायचं, "पाण्यात हाय ना. सुटला असता." जावई बँकेत आहेत. त्यांनी ऑफिसात फोटो दाखवले. त्यांच्या मोठ्या साहेबांनी एकदा येऊन पाहू म्हटलं आणि जावयांनी ते मनावर घेतलं.

मग ते फूल उतरायला लागलं. आधी पिवळेपणा विटला, धुऊन धुऊन जुन्या झालेल्या परकरासारखा. बोटं आखूड झाली. मधलं तोंड उघडं राहू लागलं. पाणी मात्र तसंच नितळ. व्याही पाणी बदलत, मीठ चाटत, टाकीसमोर खुर्ची टाकून बसत. फूल पांढरं पडत गेलं. एका दुपारी माझी नात मोबाईल घेऊन त्यांच्याजवळ बसली. ती कॉलेजात आहे, आजोबांना आबा म्हणते. ती म्हणाली, "आबा, रागावू नका. हे रंगवलेलं हाय."

"पाण्यात सुटला असता."

"वरून नाई लावत, आबा. रंगाच्या पाण्यात ठेवतेत. ते पिऊन घेते. आत जाते रंग, म्हणून सुटत नाई." मग तिनं वाचून सांगितलं ते मलाही समजलं, म्हणजे कोणालाही समजेल. या फुलांचा आपला रंग बहुतेक तपकिरी, मातकट, कधी हिरवट. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि यांना पोसतं. तो मातकट रंग त्या शेवाळाचा. पकडताना, नेताना हाल झाले की शेवाळ निघून जातं आणि फूल पांढरं पडतं. पांढरं म्हणजे उपाशी. उपाशी फूल कोण घेणार? म्हणून मग पिवळं करायचं, गुलाबी करायचं. बहुतेक फुलं त्यातच मरतात. लोक नवं आणतात.

व्याही टाकीपुढून हलले नाहीत. जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "ईनबाई, फासला असता तं पुसून काढला असता. यायनं पाजला. पाजलेला रंग कसा पुसाव?"

मी म्हटलं, "मरते ते आता. तुम्ही जीव नका लावू." मी जे दिसतं ते सांगते. नवऱ्याच्या आजारपणातही डॉक्टरांच्या आधी मीच सांगितलं होतं.

"मरते तं मरते," ते म्हणाले. "पण आपल्या रंगावर आणून मग मरू दीन. पिवळं नाई मरू देत."

हे एवढं मोठ्यानं म्हणाले की समोरच्या बाईनंही ऐकलं. दुसऱ्या दिवशी आळीभर झालं, की म्हातारा आता फुलाला काळं करणार आहे. लोक विचारायचे आणि हे सगळ्यांना तेच उत्तर द्यायचे. माघार घ्यायची वाट त्यांनी स्वतःच बुजवली.

गुडघ्याच्या पुढच्या फेरीला आम्ही नागपुरात त्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण, गोड बोलणारा. "काका, तुमचं फूल खराब झालं तर टेन्शन नाही. आणून द्या, बदलून देतो. गुलाबी पण आलं आहे, एकदम चमकते." व्याह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जरा मागे सरकला. "बदलून आणाले ते का बनियान हाय, साईज नाई बसला म्हणून? तुमी परत घेऊन त्याचं काय कराल?" दुकानदार हसून म्हणाला, "करायचं काय, काका." म्हणजे फेकायचं. व्याही मग प्रत्येक टाकीपुढे जाऊन "खोटं, हेही खोटं" असं म्हणत सुटले. गिऱ्हाइकं पाहायला लागली. एका टाकीत हिरवंगार फूल होतं, बोटांच्या टोकांना जांभळे ठिपके. "अन् हे तं सरासर रंगवलं." दुकानदार म्हणाला, "काका, हे खरोखर असंच असतं. हात नका लावू, डसते." त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. कापसाच्या गाडीत घालायचे तसाच. ते फूल हाताला चिकटलं, सुटता सुटेना, आणि परत येईस्तोवर हातावर गांधी उठल्या. नातीनं रात्री फोनवर पाहून सांगितलं, दुकानदाराचं खरं होतं. काही फुलं जन्मानंच तशी झगमगीत असतात. व्याह्यांनी हाताला खोबरेल लावत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असतीन. जन्माचं असन तं मिरवा."

पण खरी गोष्ट घडली ती परतीच्या एसटीत. मला राहवेना. मी म्हटलं, "इवाई, रंगाचा तुमाले इतका राग, मंग तुमची मिशी कोणत्या शेवाळानं काळी हाय?" दर रविवारी वाटीत काळा रंग कालवून, आरशापुढे उभं राहून, जीभ बाहेर काढून ते मिशी आणि केस रंगवतात हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मागच्या बाकावरची माणसं हसली. कंडक्टरसुद्धा तिकिटं थांबवून ऐकायला लागला. मला वाटलं, आज सापडले. ते खिडकीबाहेर पाहत शांतपणे म्हणाले, "मी माह्या मर्जीनं लावतो, ईनबाई. आरशात पाहून. त्या फुलाची मर्जी कोणी पुसली होती?"

कंडक्टर पुढच्या तिकिटाला लागला. मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

मग सेवा सुरू झाली. टाकीवर मोठे पांढरे दिवे आले, कारण शेवाळाला उजेड लागतो. फुलाला भरवायचं म्हणून गळ्यात माळ घातलेला हा माणूस वर्ध्याच्या मच्छीबाजारात तोंडाला उपरणं बांधून जायला लागला आणि झिंगे आणायला लागला. माझ्या लेकीनं त्यासाठी वेगळी सुरी, वेगळी पाटी आणि अंगणातला कोपरा नेमून दिला. ते तिथं बसून झिंग्याचे मिरीएवढे तुकडे करायचे, आंघोळ करायचे, मग चिमट्यात एकेक तुकडा धरून फुलाच्या तोंडाशी न्यायचे. पहिले बरेच दिवस फुलानं तोंडही हलवलं नाही. "घे रे बाप्पा," ते म्हणायचे, "उपाशी राह्यून कोणाचं भलं झालं?" मी बाजूला भाजी निवडत बसायचे. मी म्हटलं, "माह्या लेकीले बाळंतपणात असं कोणी भरवलं नाई." ते म्हणाले, "तुमच्या लेकीले कोणी रंग नाई पाजला." आणि एक दिवस एका बोटानं तो तुकडा धरला. हळूच वाकून तो आत घेतला. व्याही उठले. अंगणात गेले आणि उगीच झाडांना पाणी घातलं. सकाळीच घातलं होतं.

एवढ्यात मे महिना लागला. वर्ध्याचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. घागरीतलं पाणी दुपारी चहाला चालेल असं होतं. फुलाला तर गारवा लागतो. व्याह्यांनी बैठकीतला कूलर उचलला आणि टाकीकडे तोंड करून ठेवला. माणसं ओले पंचे डोक्यावर घेऊन बसली आणि फूल कूलरपुढे. त्यातच जावयांनी सांगितलं की मोठे साहेब बायकोसह रविवारी जेवायला येत आहेत, फूल पाहायला. जावयांचं बढतीचं काहीतरी त्या साहेबांच्या हातात होतं. फूल तर पांढरंफटक, कडेला कुठं मळकट झाक आली असेल नसेल. बापलेकांचं त्यावरून वाजलं.

"बाबा, मी पिवळं सांगून ठेवलं हाय ऑफिसात. नागपूरवाला बदलून देऊन राह्यला, आणू ना."

"अन् हे?"

"हे तं मरूनच राह्यलं."

"तुले टायफॉइड झालता तवा तूही मरूनच राह्यला होता," व्याही म्हणाले. "तुले नाई बदलून आणलं."

जावई बाहेर गेले आणि येताना एक निळा दिवा घेऊन आले. रविवारी सकाळी टाकीवर तो लावला. पांढरं फूल त्यात चमकायला लागलं, जत्रेतल्या खेळण्यासारखं. व्याह्यांनी आंघोळीहून येऊन पाहिलं आणि बटण बंद केलं. "निळ्या उजेडात शेणाची गोवरीही सुंदर दिसन. दिवा साहेबाच्या डोक्यावर लाव."

साहेब आले. आमरस, कुरडया, वड्या, सगळं वाढलं. साहेबांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि कूलर त्यांच्याकडे पाठ करून उभा. साहेबांनी टाकीकडे पाहिलं आणि जपून विचारलं, "हे... पिवळं होतं ना?" जावयांनी मान खाली घातली. व्याही पाटावरून म्हणाले, "पिवळं केलं होतं, साहेब. उपाशी जनावर हाय. रंग पाजून विकलं. आता आपल्या रंगावर येऊन राह्यलं. अजून आलं नाई." साहेबीणबाई म्हणाल्या, "पिवळं छान दिसलं असतं हो." व्याही म्हणाले, "छान दिसाची त्यानं कोणाची सुपारी घेतली हाय का, बाई?" माझ्या लेकीच्या हातून रसाची वाटी कलंडली. जावयांचं तोंड त्या फुलाहून पांढरं झालं.

आणि वीज गेली. कूलर थांबला, टाकीतला पंप थांबला, पाण्याचा आवाज बंद झाला. व्याही ताटावरून उठले. उष्ट्या हातावर पाणी घेतलं, लोटा उचलला आणि टाकीतलं पाणी वर काढून उंचावरून टाकीतच ओतायला लागले. पंप बंद पडला की पाण्यात हवा राहत नाही, ती अशी हातानं घालावी लागते. लोटा वर, लोटा खाली. बर्फाच्या बाटल्या नातीनं फ्रिजमधून आणून टाकीत सोडल्या. जेवण तसंच राहिलं. वीज येईना. व्याह्यांची धार चुकायला लागली आणि खारं पाणी जमिनीवर सांडायला लागलं. मी उठले आणि त्यांच्या हातून लोटा घेतला. मला काही त्या फुलाचा कळवळा नव्हता. लादी पुसायची वेळ माझ्यावरच आली असती. पण ओतता ओतता मी ते फूल पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. पाण्याच्या धारेखाली ते आक्रसत होतं आणि पुन्हा पसरत होतं. जगायचं नसतं तर पसरलं नसतं. एवढं मलाही कळतं.

माझा गुडघा बोलायला लागला तेव्हा मागून कोणीतरी लोटा घेतला. जावई होते. नवा शर्ट खांद्यापर्यंत भिजला, तरी ते बापाकडे न पाहता ओतत राहिले. साहेब इतका वेळ वर्तमानपत्रानं स्वतःला वारा घालत होते. ते हळूहळू सरकत टाकीशी आले आणि पाण्यावर वारा घालायला लागले. ऊन कलता कलता वीज आली. साहेब जाताना व्याह्यांना म्हणाले, "रंगावर आलं की कळवा." जावयांना बढती त्यानंतर मिळाली की आधीच ठरली होती, हे मी विचारलं नाही. निळा दिवा मात्र पुन्हा दिसला नाही.

पावसाळ्यात ते फूल रंगावर आलं. एकदम नाही. आधी बुडाशी, मग बोटांच्या मुळाशी, मग वर. कसला रंग म्हणाल तर कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीवर बोंडाची वाळकी साल उरते, तसला. दगडावर बसलं की दगड कुठला आणि फूल कुठलं कळू नये. पण चांगलं फुगून, परातभर पसरून बसलेलं. आळीतले लोक आले, त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "मेलं का?" समोरची बाई म्हणाली, "इतकं करून हे असं?" त्या प्रत्येक माणसाला व्याह्यांनी चहा पाजला. शालूची जिरवली त्या दिवशीही त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. "हे असंच," ते म्हणत होते. "असंच राह्यते हे."

हे सगळं मी आज लिहिते आहे त्याला कारण आहे. गेल्या हिवाळ्यापासून व्याह्यांना नीट दिसत नाही. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येणार नाही, उरली आहे ती टिकवू. उरली आहे ती म्हणजे खिडकी कुठं आहे आणि माणूस उभा आहे का बसला आहे, एवढीच. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि डॉक्टरलाच विचारलं, "तुमी सांगून राह्यले ते पक्कं ना? मंग ठीक हाय." रडले नाहीत. चिमट्यानं तुकडा अजून तेच भरवतात. फूल आपणहून बोट पुढे करतं, त्यामुळे चुकत नाही. फक्त रंग त्यांना दिसत नाही. दिसायला आला आणि दोन पावसाळेही त्यांना तो धड पाहायला मिळाला नाही. याचा मला राग येतो. कोणावर काढावा कळत नाही, म्हणून मी घर झाडते.

रोज सकाळी ते खुर्चीत येऊन बसतात आणि विचारतात, "ईनबाई, कसा हाय रंग?" पहिल्या वेळी लेकीनं मला खूण केली, काहीतरी छान सांग म्हणून. मी म्हटलं, "मातीवाणी."

ते हसले. म्हणाले, "दुसरं कोणी असतं तं सोनेरी म्हटलं असतं."

"दिसत नाई म्हणून तुमाले पिवळं पाजू का?" मी म्हटलं.

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं आहे. मी चहाआधी टाकीपुढे जाते, चष्मा पुसते आणि पाहते. अंदाजानं सांगत नाही. मातकट असेल तर मातकट, कुठं फिकट वाटलं तर फिकट. परवा बोटांच्या टोकांवर काहीतरी निराळं वाटलं. खिडकी उघडली, ऊन आत येऊ दिलं, दिवा बंद करून पाहिलं, लावून पाहिलं. नातीला बोलावलं नाही. ते खुर्चीत वाट पाहत होते.

"इतका येळ काऊन लागून राह्यला?" ते म्हणाले.

"थांबा जरा," मी म्हटलं, आणि आणखी एकदा पाहिलं. मग सांगितलं, "टोकाले जांभळी झाक हाय. उगी नखाच्या कडेएवढी. बाकी मातीच."

त्यांचं तोंड टाकीकडे होतं, पण जरा बाजूला, जिथं फूल नव्हतं तिथं. मी त्यांचा हात धरून काचेवर बरोबर जागी ठेवला. ते म्हणाले, "मी पाह्यलं असतं तं नाई म्हटलं असतं. तुमी म्हणता म्हणून हाय." आणि हात तिथंच ठेवून बसले. चहा निवला. मी तो पुन्हा गरम केला.